छोट्या डब्याचे चंपकलाल

हे वाचताना तुम्ही हॉस्टेलच्या कॉटवर लोळत असाल तर जरा डावीकडे बघा. उजवीकडे बघितलंत तरी चालेल, भिंत तीच आहे. तिचा रंग कोणता? मागच्या आठवड्यात मी आमच्या विंगमधल्या सात जणींना हा प्रश्न विचारला. तिघी म्हणाल्या क्रीम, दोघी म्हणाल्या पिवळा, एक म्हणाली मळका, आणि आमची टॉपर म्हणाली की तिने कधी नीट बघितलाच नाही. ज्या भिंतीला पाठ टेकून आपण रात्र रात्र सबमिशनं लिहितो तिचा रंग आपल्याला धड सांगता येत नाही! पण कुणीतरी तो निवडला होता, कुणीतरी त्याचा डबा विकला होता. हा लेख अशाच एका डबा विकणाऱ्या माणसावर आहे.

माणसाचं नाव चंपकलाल चोक्सी. हसू नका. चंपकलाल म्हटलं की टीव्हीवरच्या गोकुळधाम सोसायटीतले चंपकचाचा डोळ्यांपुढे येतात, मला माहीत आहे. हे चंपकलाल वेगळे. एशियन पेंट्स ही कंपनी ज्या चार मित्रांनी काढली त्यांतले हे प्रमुख. आपल्या मासिकात दर वर्षी विश्वेश्वरय्यांवर एक लेख असतो, कलामसरांवर दोन असतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहेच. पण मी भांडुपची. आमच्याकडे रिक्षावाल्याला पत्ता सांगताना धरण किंवा क्षेपणास्त्र सांगत नाहीत, कंपनीचं गेट सांगतात. म्हणून मी त्या गेटाच्या मालकाबद्दल वाचायला घेतलं, आणि वाचता वाचता चांगलीच अडकले.

गोष्ट सुरू होते फेब्रुवारी १९४२ मध्ये. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. जहाजं युद्धाच्या सामानाने भरलेली, त्यामुळे परदेशातून येणाऱ्या रंगावर बंदी आली. तोपर्यंत हिंदुस्थानात रंगाचा धंदा म्हणजे साहेबांचा धंदा. हावड्याला शालिमार १९०२ पासून होती, मुंबईत लोअर परळला १९२० मध्ये गहागन नावाची कंपनी निघाली होती, तीच पुढे नेरोलॅक झाली. उरलेला माल थेट विलायतेहून यायचा. तो थांबला आणि बाजारात एक पोकळी तयार झाली. तिच्यात शिरायचं ठरवलं चंपकलाल चोक्सी, चिमणलाल चोक्सी, सूर्यकांत दाणी आणि अरविंद वकील या चौघांनी. मुंबईतलं एक गॅरेज, थोडं भांडवल आणि भरपूर उत्साह. कंपनीचं नाव त्यांनी टेलिफोन डिरेक्टरी उघडून त्यातून उचललं, एशियन ऑइल अँड पेंट कंपनी. आपल्याकडे टेक फेस्टचं नाव ठरवायला सहा मीटिंगा लागतात, हे इथे नमूद करावंसं वाटतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गवालिया टँकवर छोडो भारतचा ठराव झाला. हे चौघे काही सत्याग्रही नव्हते. पण पुढच्या पंचवीस वर्षांत विलायती रंगकंपन्यांच्या बाबतीत त्यांनी जे केलं ते बघता तो योगायोग मला फार आवडतो.

युद्ध संपेपर्यंत, म्हणजे १९४५ मध्ये, कंपनीची वर्षाची विक्री साडेतीन लाखांवर गेली होती. खरी अडचण पुढेच होती. युद्ध संपलं की विलायती माल परत येणार, आणि मोठ्या शहरांतले मोठे घाऊक व्यापारी त्यांच्याच बाजूचे. त्यांच्या फळ्यांवर गॅरेजमधल्या कंपनीचा डबा कोण ठेवणार? इथे चंपकलाल यांनी जो निर्णय घेतला त्यासाठीच माणूस लक्षात ठेवावा असं मला वाटतं. शहराच्या बंद दारावर डोकं आपटत बसण्यापेक्षा ते खेड्यांकडे आणि छोट्या गावांकडे वळले. मधल्या घाऊक व्यापाऱ्याला बगल देऊन सरळ गावातल्या दुकानदाराशी व्यवहार. आणि त्या दुकानात चालेल असा छोटा डबा.

छोटा डबाच का, हे शहरात वाढलेल्या माझ्यासारखीला आधी कळेना. ते आमच्या मेसमधल्या एका कोल्हापूरच्या मुलाने समजावलं. त्याच्या गावात घर काही दर वर्षी रंगवत नाहीत, पण बेंदराला बैलांची शिंगं दर वर्षी रंगवतात. विदर्भ-मराठवाड्यात हेच पोळ्याला होतं. एका बैलजोडीच्या शिंगांना किती रंग लागतो? चहाच्या कपाएवढासुद्धा नाही. ज्याला एवढाच रंग हवाय त्याच्यासमोर तुम्ही चार लिटरचा डबा ठेवलात तर तो नमस्कार करून पुढे जाणार. छोटा डबा ठेवलात तर तो घेणार, आणि उरलेल्या रंगात दाराची चौकट, तुळशीवृंदावन, पोरांच्या पाळण्याच्या दांड्या, सगळं उरकणार. म्हणजे घरात पहिला रंग शिरतो तो भिंतीवरून नाही, शिंगांवरून! मला वाटतं, मोठ्या कंपन्यांच्या साहेबांना ही गोष्ट सांगूनही पटली नसती. त्यांच्या हिशेबात गिऱ्हाईक म्हणजे बंगला, रेल्वे, बंदर. चंपकलाल यांनी बैलवाल्याला गिऱ्हाईक मानलं.

आता थोडं केमिकलवाल्यांसाठी. (बाकीच्यांनी हा भाग सोडला तरी चालेल, पण सोडू नका, पुढे उपयोगाचा आहे.) तेव्हा आपल्याकडच्या बहुतेक घरांना चुनाच लागायचा. पांढरीशुभ्र दिसावी म्हणून त्यात थोडी नीळ. चुना स्वस्त, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो भिंतीवर कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसतो, जंतूही मारतो. दोष एवढाच की भिंतीला टेकलात की पाठीवर उमटतो. त्याच्या वरचा प्रकार म्हणजे कोरडं डिस्टेंपर. खडूची भुकटी, सरस आणि रंग, पाण्यात कालवायचं आणि लावायचं. दिसायला बरं, पण ओला हात लागला की गेलं. आणि सगळ्यात वर महागडा प्लॅस्टिक रंग, जो सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. चाळीत राहणारा कारकून मधेच अडकलेला. त्याला पुसता येणारी भिंत हवी, पण बंगल्याच्या भावात नको. त्याच्यासाठी १९५० च्या दशकात कंपनीने धुता येणारं डिस्टेंपर काढलं, ट्रॅक्टर नावाचं. नाव बघा! ना गुलाब, ना मोती. शेतातलं यंत्र.

खडू आणि महागडा पांढरा रंग यांतला फरकही सांगून टाकते, कारण तो मला फिजिक्सच्या व्हायवात आला असता तर फार बरं झालं असतं. खडूचा अपवर्तनांक साधारण १.६, तेलाचा १.५ च्या आसपास. दोन्ही इतके जवळ की तेलात कालवला की खडू जवळजवळ पारदर्शक होतो, खालचा डाग वर दिसतो. टायटॅनियम डायऑक्साइडचा अपवर्तनांक २.७ च्या घरात. त्यामुळे प्रकाश आत शिरण्याआधीच उलटा फिरतो आणि एक-दोन हातांत भिंत झाकली जाते. रंगाची झाकण्याची ताकद म्हणतात ती हीच. चांगल्या रंगाचे पैसे तुम्ही रंगासाठी देत नाही, झाकण्यासाठी देता.

१९५४ मध्ये आला गट्टू. कपाळावर केसांची झुलपं, एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात डबा आणि चेहऱ्यावर आत्ताच काहीतरी उद्योग करून आल्यासारखा भाव. काढला कुणी? आर. के. लक्ष्मण यांनी, ज्यांचा कॉमन मॅन तेव्हा नुकताच लोकांच्या ओळखीचा होत होता. या पोराचं नाव काय ठेवायचं यासाठी कंपनीने स्पर्धा लावली, बक्षीस पाचशे रुपये. सत्तेचाळीस हजारांहून जास्त लोकांनी नावं पाठवली! ना ई-मेल, ना व्हॉट्सअ‍ॅप, प्रत्येकाने टपालाला पैसे घातले. दोन मुंबईकरांनी एकच नाव सुचवलं होतं, त्यांना बक्षीस वाटून दिलं. गंमत म्हणजे गट्टू कुणाला वाचायला लावत नव्हता. डब्यावर इंग्रजीत काय लिहिलंय हे न कळणारा माणूसही दुकानात येऊन त्या पोराकडे बोट दाखवू शकत होता. छोट्या डब्यामागचं डोकं आणि गट्टूमागचं डोकं मला एकच वाटतं.

मग एकेक दारं उघडत गेली. कलकत्त्याच्या बामर लॉरीने, जी स्कॉटिश माणसांनी १८६७ मध्ये काढलेली कंपनी, एका बड्या ब्रिटिश कंपनीचा रंग नाकारून या गॅरेजवाल्यांचा घेतला. आणि १९६७ मध्ये एशियन पेंट्स देशातली सगळ्यात मोठी रंगकंपनी झाली. सुरुवात केल्यापासून बरोबर पंचवीस वर्षांनी. पुढे ती पहिली कुणाच्या हाती लागली नाही.

दरम्यान गॅरेज मागे पडून भांडुपला कारखाना उभा राहिला होता. आज लालबहादूर शास्त्री मार्गावरून म्हणजे आमच्या एलबीएसवरून जाताना तुम्हाला मॉल आणि टॉवर दिसतात, त्यावर विश्वास ठेवू नका. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड, थेट ठाण्यापर्यंत हा कारखान्यांचा रस्ता होता. विक्रोळीला गोदरेज, भांडुपला सिएटचे टायर आणि रंगाचा हा कारखाना. माझ्या आजोबांसारखी हजारो माणसं या भोंग्यांवर उठायची आणि जेवायची. (आजोबा रंगात नव्हते, मशिन शॉपमध्ये होते.) ही माणसं इथेच छोटी छोटी घरं घेऊन राहिली. आमच्या आजीचं वन रूम किचन त्यांतलंच.

त्या घराबद्दल आता सांगायलाच हवं, कारण चंपकलाल यांच्याबद्दल मला जे थोडंफार कळलं ते तिथे कळलं. मागच्या वर्षी ते विकायला काढलं. आजोबा गेले, आजी एकटी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. तिला मुलुंडला आमच्याकडे आणायचं आणि आलेल्या पैशात जरा मोठी जागा घ्यायची असा बाबांचा बेत. पाच महिने लोक येत होते आणि चहा पिऊन जात होते. हॉल पिस्ता, किचन कमरेपर्यंत चॉकलेटी ऑइलपेंट आणि वर निळसर, देवाच्या कोपऱ्यात तेलकुंकवाचे डाग. बाथरूमच्या मागच्या भिंतीला ओल. ब्रोकरकाकांनी एका वाक्यात निकाल लावला की सगळीकडे क्रीम मारा, ओलीवर पुट्टी ओढून दोन हात द्या आणि पावसाच्या आत सौदा करा.

क्रीमबद्दल त्यांचं म्हणणं बरोबर होतं असं मला अजूनही वाटतं. घर विकताना आपण स्वतःसाठी रंग निवडत नसतो. जो माणूस अजून दारात आलेला नाही त्याच्यासाठी निवडत असतो. पिस्ता भिंतीत त्याला आमची आजी दिसते. क्रीम भिंतीत त्याला स्वतःचा सोफा दिसतो. शिवाय उपनगरातल्या आमच्यासारख्या खोल्यांना एकच खिडकी, समोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत. गडद रंग येईल तेवढा उजेड पिऊन टाकतो, फिका रंग तो परत खोलीत टाकतो. एकशे ऐंशी स्क्वेअर फुटांची खोली रंगाने मोठी होत नाही, पण दुपारी दिवा न लावता दाखवता येते, आणि गिऱ्हाइकाला तेवढं पुरतं.

रंग चुकला तर घर पडून राहतं याचं एक मोठं उदाहरण आमच्या सिव्हिलच्या मित्राने दिलं. चंदीगडवाला ल कॉर्बुझिए! त्याने १९२६ मध्ये फ्रान्समध्ये बोर्दोजवळ पेसाक इथे एका साखर कारखानदारासाठी पन्नासेक कामगार-घरं बांधली. बाहेरून एक भिंत विटकरी, एक आकाशी, एक फिकी हिरवी. गावकऱ्यांनी टिंगल केली आणि घरं कित्येक वर्षं विकली गेली नाहीत. दोष सगळा रंगाचा नव्हता, पाण्याची जोडणीच वेळेवर मिळाली नव्हती. पण पुढे जे राहायला आले त्यांनी हळूहळू सगळं आपापल्या मनासारखं करून घेतलं. आज ती वसाहत जागतिक वारसा यादीत आहे. रंग श्रेष्ठ होता यात वाद नाही. फक्त तो निवडणाऱ्याने राहणाऱ्याला विचारलं नव्हतं.

भांडण झालं ते ओलीवरून. बाबा म्हणत होते की सगळेच असं करतात. आजी म्हणाली की रंग काय वाटेल तो द्या, पण ओल आधी दुरुस्त करा, आणि येणाऱ्याला सांगा की इथे ओल होती. चाळीस वर्षं शेजाऱ्यांत मान वर करून राहिले, जाताना कुणाला चुना लावून जाणार नाही असं तिचं म्हणणं. आता चुना लावणे या शब्दप्रयोगाचा उगम काय असेल तो असो, त्या दिवशी मला तो अगदी शब्दशः कळला. ओल्या भिंतीवर तुम्ही कितीही भारी रंग द्या, आतलं पाणी बाहेर येणारच, येताना प्लास्टरमधले क्षार घेऊन येणार, आणि पहिल्या पावसात पोपडे. झाकण्याची ताकद प्रकाशाला अडवते, पाण्याला नाही. बाबांनी दोन दिवस तोंड फुगवलं, मग प्लंबर बोलावला. पाइप बदलला, भिंत फोडून वाळू दिली, त्यातच सव्वा महिना गेला. पाऊस सुरू झाला आणि ठरत आलेलं एक गिऱ्हाईक हातचं गेलं. घरात कुणी कुणाशी नीट बोलत नव्हतं. मी हॉस्टेलवर होते हे त्यातल्या त्यात बरं.

शेवटी गिऱ्हाईक मिळालं ते गणपतीनंतर, ब्रोकरकाकांनी आधी सांगितलेल्या भावापेक्षा थोडं कमीत. आजीने त्यांना ओलीची जागा स्वतः हात लावून दाखवली. बाबा तेव्हा गॅलरीत जाऊन उभे राहिले होते.

रंग आणायला मात्र मी गेले होते, पेंटरकाकांबरोबर, सुट्टीत. दुकानात मला क्रीम हवाय म्हटल्यावर दुकानदाराने शेड कार्ड उघडलं आणि माझी बोलतीच बंद झाली. क्रीम म्हणजे एक रंग नव्हे. पिवळ्याकडे झुकलेलं, गुलाबीकडे झुकलेलं, राखाडीकडे झुकलेलं, आणि प्रत्येकाला आइस्क्रीमसारखं नाव. पेंटरकाकांनी दोन गोष्टी शिकवल्या, त्या फुकट देते. एक, कार्डावरचा तुकडा दुकानाच्या ट्यूबलाइटखाली बघायचा नाही, उजेडात बाहेर आणून बघायचा, कारण दिव्यागणिक रंग बदलतो. दोन, कार्डावर आवडला त्यापेक्षा एक शेड फिकी घ्यायची. चारही भिंती रंगल्या की त्या एकमेकींवर उजेड टाकतात आणि रंग गडद दिसायला लागतो. यातल्या दुसऱ्या गोष्टीवर कुणीतरी प्रोजेक्ट करायला हरकत नाही.

मग मला त्या दुकानदाराची काळजी वाटली. आज त्याच्याकडे मशिन असतं. पांढरा बेस घ्यायचा, संगणक सांगेल तितके थेंब रंगद्रव्य टाकायचं, हलवायचं, झाली शेड तयार. पण ही मशिनं आपल्याकडे पसरली ती १९९० च्या दशकाच्या शेवटापासून. त्याआधी प्रत्येक शेड तयार डब्यातच यायची. समजा एका दुकानात तीन प्रकारचे रंग, प्रत्येकाच्या चाळीस शेड, प्रत्येक शेडचे पाच आकारांचे डबे. झाले सहाशे वेगवेगळे डबे! त्यातला नेमका हवा तो नसेल तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाणार, कारण अर्धी भिंत रंगवून कुणी थांबत नाही. आणि नको ते डबे भरून ठेवले तर पैसा फळीवर वाळत बसणार. गंमत अशी की हा गुंता चंपकलाल यांनीच वाढवला होता. छोटे डबे काढले म्हणजे प्रकार वाढले, खेडोपाडी दुकानं जोडली म्हणजे ठिकाणं वाढली.

त्यांनी तो सोडवला कसा, तर १९७० च्या सुमारास संगणक घेऊन. तेव्हा देशात संगणक म्हणजे मोठ्या संशोधन संस्थांत बघायची वस्तू, आणि इथे तो कशासाठी, तर सांगलीला पुढच्या महिन्यात कुठली हिरवी शेड किती खपेल याचा अंदाज बांधायला. आपल्या कॉम्प्युटर ब्रँचची मुलं आज ज्याला डेटा वगैरे म्हणतात ते हेच. सोबत त्यांनी आयआयटी-आयआयएममधून शिकून आलेली मुलं नोकरीला घेतली आणि घरच्या कंपनीत बाहेरच्यांना अधिकार दिले. चार कुटुंबांचा धंदा असताना हे सोपं नसणार. घरातला मुलगा आणि बाहेरचा हुशार मुलगा यांत निवड करायची वेळ आली की भल्याभल्यांचा रंग उतरतो.

१९७८ मध्ये कंपनी फिजीला गेली, देशाबाहेरचं पहिलं पाऊल. १९८० च्या दशकात गुजरातेत अंकलेश्वरला आणि हैदराबादजवळ पाटणचेरूला कारखाने झाले. चंपकलाल यांचे चिरंजीव अतुल चोक्सी १९८४ पासून कंपनी चालवू लागले. इथून पुढचं मी भराभर सांगते, कारण मोठी झालेली कंपनी म्हणजे आकडे, आणि आकड्यांत माणूस सापडत नाही.

शेवट मात्र थांबून सांगण्यासारखा आहे. चंपकलाल १९९७ मध्ये गेले. त्याच वर्षी चार कुटुंबांतली तेढ उघड्यावर आली. अतुल चोक्सी कंपनीतून बाहेर पडले आणि चोक्सी कुटुंबाने आपल्या समभागांचा मोठा वाटा विकला. तो घ्यायला पुढे कोण आलं असेल? आयसीआय, म्हणजे इंग्लंडमधली बलाढ्य रसायन कंपनी, रंगाच्या धंद्यातली जुनी प्रतिस्पर्धी. ज्या साहेबी कंपन्यांच्या फळीवर जागा मिळेना म्हणून हा माणूस बैलांच्या शिंगांपर्यंत गेला, त्याच्या पश्चात त्याचाच हिस्सा साहेबाकडे चालला होता! उरलेल्या तीन कुटुंबांनी ते समभाग आयसीआयच्या नावावर करायला साफ नकार दिला. बरीच ओढाताण होऊन अखेर ते देशातच राहिले. चंपकलाल हयात असते तर काय केलं असतं यावर आमच्या रूममध्ये रात्री दीडपर्यंत वाद झाला. माझी रूममेट म्हणते, वाटा त्यांच्या घरचा होता, भाव येईल तिथे विकायचा त्यांना हक्क होता. मला ते पटत नाही, पण तिला खोडताही आलं नाही.

२००० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने गट्टूला निवृत्त केलं. तोवर गिऱ्हाईक बदललं होतं, त्याला खोडकर पोरगं नको होतं, सुंदर घर हवं होतं. आजीच्या किचनच्या माळ्यावर, जागा रिकामी करताना, त्याचं चित्र असलेला एक गंजका डबा निघाला. आत खिळे आणि शिलाई मशिनची बॉबिन. तो मी हॉस्टेलवर आणलाय, पेनं ठेवायला.

भांडुपच्या कारखान्यात रंग बनणं २०१४ मध्ये थांबलं. त्याच्या एक वर्ष आधी कंपनीने महाराष्ट्रात नवा कारखाना सुरू केला होता, सातारा जिल्ह्यात खंडाळ्याला. पुण्याहून कोल्हापूरकडे जाताना लागतं ते. आमचा मेसमधला मित्र सुट्टीत त्याच रस्त्याने घरी जातो, आणि बेंदराला शिंगांसाठी रंग अजूनही गावातल्याच दुकानातून घेतो. त्याच्याकडे यंदा एकच जोडी उरली आहे, बाकी ट्रॅक्टर.